कार्ल्याची लेणी नेमकी कोणत्या राजाने कोरून घेतली?

कोणत्याही एका राजाने नाही. हा प्रश्न दिसला की माझं डोकंच तापतं, कारण याच्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद आहे. आम्ही सुतार. काका सरकारी नोकरीत गेले आणि तेव्हापासून वडिलांना ऐकवतात की नाव राहतं ते राजाचं नाहीतर पैसेवाल्याचं, रंधा मारणाऱ्याला कोण विचारतो.

म्हणून मी वडिलांना कार्ल्याला घेऊन गेलो. एकवीरेचं दर्शन झालं, चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात) शिरलो, तर ते खांबांवरचे हत्ती वगैरे सोडून छताकडेच बघत राहिले, कारण तिथे दगडाला सागवानी कमानी बसवल्यात, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्या काढल्या तरी छत पडणार नाही! लाकडी इमारत डोळ्यासमोर ठेवून डोंगर कोरलाय, हे त्यांनी मला समजावलं, मी त्यांना नाही. मग मी त्यांना दारापाशी आणून तिथला कोरीव लेख दाखवला. लेख ब्राह्मी या जुन्या लिपीत आहे, अर्थ मी आधीच वाचून गेलो होतो: धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केलं. वडिलांनी त्या अक्षरांचे फोटो काढायला लावले आणि घरी आल्या आल्या काकांना फोन.

दारावरच सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं दान आहे, खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची (म्हणजे तेव्हाच्या अर्थाने ग्रीक, परदेशी लोकांची) नावं आहेत. तळेगावजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यात तर एका शेतकऱ्याच्या बायकोचं दान कोरलंय. लोकांनी वाटून घेतलेलं काम आहे हे.

आता राजघराण्याचं म्हणाल तर क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने करजिक गाव इथल्या भिक्षूंना दिलं, आणि वैजयंतीचा शेठ भूतपाल लिहून ठेवतो की जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, सर्वोत्तम शैलगृह (डोंगरात कोरलेलं घर) मी पूर्ण केलं. म्हणजे पैसेवाले होतेच, ते मी नाकारत नाही. बाकी दर्शनी भिंतीवरच्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या मूळच्या, बुद्धमूर्ती काही शतकांनंतर कोरलेल्या, आधी वंदन स्तूपालाच होतं.

जायचं तर दुपारनंतर जा, लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. चैत्राची यात्रा आणि नवरात्र टाळा, लेख बघायला उभं राहता येत नाही. आणि पोरं बरोबर असतील तर "राजाने बांधलं" सांगून मोकळे होऊ नका, सामीचं नाव सांगा. आमचे काका "फोटोत काही कळत नाही" म्हणतात, त्यांना मी दिवाळीत गाडीत घालून नेणार आहे.