आधी झोप, मग गोळ्या

तुम्ही विचारलंत, प्रतिकारशक्ती 'वाढवायला' काय घेऊ? आधी 'वाढवणं' हा शब्दच सोडा. ही यंत्रणा नको तिथे चवताळली की ॲलर्जी होते, नाहीतर शरीर स्वतःवरच उलटतं. आपल्याला ती शाबूत ठेवायची आहे.

सुरुवात झोपेपासून करा, ताटापासून नको. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 164 निरोगी माणसांची आठवडाभराची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. मीही उशाशी वही ठेवून झोपेच्या वेळा लिहायचे. सलग जागरणं झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा हमखास खवखवायचा. तुम्हीही महिनाभर लिहून बघाच.

जेवणात प्रथिनं कमी पडू देऊ नका, कारण जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) प्रथिनांचीच बनतात. डाळी, भाज्या, फळं यातला तंतू (फायबर) आतड्यातल्या जिवाणूंना लागतो, आणि प्रतिकारपेशींचा मोठा साठा आतड्याभोवतीच असतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी सर्दी टळत नाही. नियमित घेतल्या तर आजारपण किंचित लवकर आटोपतं, एवढंच. जस्ताच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका, शरीरातलं तांबं कमी होतं.

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा, बाकी सगळं नंतर. आणि लस चुकवू नका, आहार तिची जागा घेत नाही. वारंवार ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.