चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावरच का जातात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत काळ्या माणसाला पोलीस जसं वागवतात, तसं आपल्याकडे जात आणि गरिबी बघून होतं का, आणि पोलिसाला माणुसकी शिकवता येते का. मी धाराशिव-बीड पट्ट्यात बत्तीस वर्षं खात्यात काढली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. होतं, आणि मीही केलंय.

२०११ ची दिवाळी तोंडावर होती. एका मोठ्या शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडातून सोयाबीनची चौदा पोती गेली. मालक ठाण्यात आले, साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. जागेचा पंचनामा मी लिहिला. शेडाच्या दारापर्यंत गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या, त्याही लिहिल्या. परत आलो तर साहेब म्हणाले, "पिढीवर जाऊन या." आमच्याकडे पारध्यांच्या वस्तीला पिढी म्हणतात. रात्री दोनला जीप नेली आणि तीन माणसं झोपेतून उचलून आणली.

आता हिशोब बघा. चौदा पोती म्हणजे आठ-एक क्विंटल माल. तो न्यायला छोटा हत्ती तरी लागतो. त्या पिढीवर धड एक सायकल नव्हती. हे मला जीपमध्ये बसतानाच कळत होतं, कारण चाकांच्या खुणा माझ्याच अक्षरात होत्या. मी बोललो नाही. साहेबांपुढे कोण बोलतं?

तिघं दोन दिवस ठाण्यात होते आणि स्टेशन डायरीला, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, त्यांची ओळसुद्धा नव्हती. मारलं का, हे तुम्ही विचाराल. मारलं. फाटकाबाहेर एकाची बायको तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, "ल्येकरू फणफणलंय सायेब, ह्येच्या बापाला तेवढं सोडा." मी म्हणालो, "ए, बाजूला सरक." एवढंच. तिसऱ्या दिवशी पोती अडतीवर सापडली. आणून घालणारा मालकाचा सख्खा पुतण्या. त्याला आणायच्या आधीच दोन फोन आले, आल्यावर खुर्ची आली, आणि संध्याकाळपर्यंत चुलत्या-पुतण्यात मिटलं. पारध्यांना सोडताना आमच्यातला एक जण म्हणाला, "परत इकडं दिसू नका." त्यांना आणलं होतं आम्हीच, त्यांच्या घरातून.

लोकांना वाटतं पोलीस या लोकांचा द्वेष करतात. काही करतातही. पण मी जे पाहिलं त्यात द्वेषापेक्षा सोय जास्त होती. महिन्याची क्राइम मीटिंग असते, तिथं किती गुन्हे उघडकीला आणले ते वाचून दाखवावं लागतं. नवरात्रात तुळजापूरचा बंदोबस्त, त्यात कुणाची सभा, चौदा-चौदा तास ड्युटी. अशा वेळी ज्याच्यासाठी एकही फोन येत नाही, ज्याचा वकील नाही, असा माणूस आणणं फुकट पडतं. चूक निघाली तरी कुणी जाब विचारत नाही. हे कारण सांगतोय, सबब म्हणून सांगत नाहीये. आमच्यातले बहुतेक जण स्वतः कोरडवाहू शेतकऱ्याची नाहीतर मजुराची पोरं, तरी हे करतो, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही.

याला जुनं मूळ आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा १९५२ मध्ये गेला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा मुंबई कायदा आला, आणि ठाण्यातल्या नजरेनं जुनीच यादी पुढं चालवली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना सांगावं लागलं की केवळ मागास किंवा भटक्या समाजातला आहे म्हणून कुणाची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीसाठी ठेवलेली गुन्ह्यांची नोंद, उघडू नका.

माझी गोष्ट दोन दिवसांत संपली. जालना जिल्ह्यातल्या भटक्या जमातीच्या सहा मजुरांची सोळा वर्षं चालली. २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा, खून आणि बलात्कार झाला, त्यात यांना धरलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. त्या हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले भलतेच चार फोटो ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. माझ्या चाकांच्या खुणा आणि ते चार फोटो यात मला फरक दिसत नाही. कागदावर होतं, कुणी वाचलं नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर तिकडच्या न्याय खात्यानं २०१५ मध्ये फर्ग्युसन या गावाच्या पोलिसांवर अहवाल काढला. गावात काळे लोक ६७ टक्के, गाड्या अडवल्या त्यात ८५ टक्के, अटकेत ९३ टक्के. मला त्यातला पैशाचा भाग जास्त ओळखीचा वाटला. नगरपालिकेला दंडाचं उत्पन्न हवं होतं, दंड भरता आला नाही की वॉरंट निघायचं, आणि गरीब माणूस किरकोळ कारणासाठी आत जायचा. आपल्याकडे तेच काम जामीन करतो. कोर्ट जामीन देतं, पण जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. पालात राहणाऱ्याला स्वतःचा सातबारा देणारा पाटील कुठून मिळणार? मग कागदावर जामीन आणि माणूस तुरुंगात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. तालुक्याच्या कोर्टात हे निदान वकिलानं आठवण करून द्यावं लागतं.

आता शिकवण्याचं. संवेदनशीलतेची व्याख्यानं मीही ऐकलीत. जेवणानंतरची वेळ, पंखा चालू, अर्धे पेंगतात, शेवटी हजेरीची सही. त्यानं कोण बदललं मला माहीत नाही. मला उपयोग दिसला तो पोलिसाचा हात अडवणाऱ्या नियमांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालानं अटकेचा मेमो म्हणजे लेखी नोंद, नातेवाइकाला कळवणं, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हे बंधनकारक केलं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक थांबवली. आधी नोटीस द्या, अटक केली तर कारण लिहा. ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ मध्ये आहे. कारण लिहायला बसलं की माणूस जरा थांबतो. "पारधी आहे" हे कारण म्हणून लिहिता येत नाही ना! म्हणून तुमच्या ओळखीतल्या कुणाला उचललं तर भांडण्याआधी एवढं विचारा: डायरीला नोंद किती वाजताची आहे, मेमो कुठं आहे. आणि तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो.

नियम असूनही काय होतं ते परभणीत दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा वडार समाजातला तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत जावं लागलं. २०२५ च्या जुलैत आदेश निघाला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.

एक गोष्ट मात्र मी शेवटच्या काही वर्षांत केली, कुणी शिकवलेली नव्हती. टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला "बसा, काय झालं?" म्हणायचं. ठाण्यात अर्धा निकाल "तू" आणि "तुम्ही" यातच लागलेला असतो. बरोबरचे हसले. "फौजदार पारध्याला आहो-जाहो करतोय." समोरचा माणूसही आधी घाबरायचा, याच्या मनात काहीतरी आहे म्हणून.

निवृत्तीनंतर एकदा आठवडी बाजारात तीच बाई दिसली. बालाघाटातली सीताफळं घेऊन बसलेली, शेजारी दहा-बारा वर्षांचं पोरगं. तेच लेकरू का, ते मी विचारलं नाही. तिनं मला ओळखलं असावं. डझनभर फळं पिशवीत घातली आणि पैसे दिले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब." मी पन्नासची नोट टोपलीत टाकून निघालो. वीस पावलं गेलो असेन, पोरगं धावत आलं, नोट माझ्या हातात दिली आणि पळून गेलं.