कृत्रिम हात घ्या, पण आधी हक्काची पेन्शन घ्या

प्रश्न: वय ३४. भोसरीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर होतो. गेल्या वर्षी उजवा हात मनगटाच्या वरून गेला. मालकांनी २ लाख देऊन एका कागदावर सही घेतली, 'ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) भानगडीत पडू नको' म्हणाले आणि स्टोअरला ठेवलं. पगार १८ हजारांवरून १३ हजार झाला. इलेक्ट्रॉनिक हात साडेचार लाखांना मिळतोय, पाच वर्षांच्या हप्त्यांवर. तो बसला की पुन्हा प्रेसवर जाईन, पगार २५ हजार होईल. २ लाखांतून नुकतीच वर्षाला ५० हजारांची विमा पॉलिसी काढली आहे. हात घ्यावा का?

उत्तर: हाताचं नंतर बोलू. तुम्ही जोडलेल्या जुन्या पगारपत्रकावर ईएसआयसीचे १३५ रुपये कापलेले दिसतात. म्हणजे तुम्ही विमाधारक कामगार आहात आणि कायमच्या अपंगत्वाची पेन्शन तुमचा हक्क आहे. पंजा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ६०% लिहिलंय. १८ हजारांचे ९०% म्हणजे १६,२००, त्याचे ६०% म्हणजे महिना साधारण ९,७००. तेही तहहयात, नोकरी करत असलात तरी. ही भानगड तुम्ही २ लाखांत सोडून दिलीत! दोन वर्षांतच पेन्शन त्यापुढे जाते. पैसे महामंडळ देणार आहे, मालक नाही. त्यामुळे मालकाच्या कागदावर सही केल्याने हा हक्क संपत नाही. हॉस्पिटलचे कागद घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जा. मालकाने अपघात कळवला नसेल तर तुम्ही लेखी कळवा आणि मेडिकल बोर्डाची (अपंगत्व किती टक्के ते ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाची) मागणी करा. कृत्रिम हातही तिथेच मागा, विमाधारकाला तो मोफत मिळतो.

आता तो साडेचार लाखांचा हात. १४ टक्क्यांनी हप्ता साडेदहा हजार, पगार १३ हजार. घरात खाणार काय? शोरूममध्ये कप उचलून दाखवतात. कामावर उरलेल्या हाताला घाम आला की स्नायूंचे इशारे टिपणारे कातडीवरचे इलेक्ट्रोड सरकतात आणि पंजा भलत्याच वेळी उघडतो. पहिल्या वर्षी उरलेला हात आटत जातो, सॉकेट (तो ज्यात बसतो ती खोबण) सैल होतं, नवं करावं लागतं. बॅटरी आणि ग्लोव्हचा खर्च वेगळा. असा हात घेणाऱ्यांपैकी साधारण चौघांतला एक तो वापरणं सोडून देतो. आणि तो घालून कोणी तुम्हाला प्रेसवर उभं करील, ही आशा विक्रेत्याने लावलीय. खांद्याच्या पट्ट्याने ओढायचा साधा हूक दिसायला ओबडधोबड, पण तेलात चालतो आणि पकड किती घट्ट आहे ते खांद्याला कळतं. रोटरीच्या शिबिरांत एलएन-४ नावाचा साधा कृत्रिम हात फुकट बसवतात, कोपराखाली पुरेसा हात शिल्लक असेल तर. सहा महिने तो वापरून बघा.

पॉलिसीने कर वाचतो म्हणे. दीड लाख उत्पन्नावर कसला कर? कागद हातात पडून ३० दिवस झाले नसतील तर फ्री-लूकमध्ये (पॉलिसी परत करायच्या मुदतीत) आजच लेखी रद्द करा, पोच घ्या. एजंट 'सरेंडर नको, बोलू आपण' म्हणेल. बोलू नका.