पडदा बदलला की विंडो का उडी मारते?

प्रश्न: पायथनमध्ये टीकेइंटर (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) वापरून मी पुस्तकांच्या देवघेवीचा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. लॉगिन झालं की ती विंडो डिस्ट्रॉय करून यादीची नवी उघडतो. मध्ये क्षणभर डेस्कटॉप दिसतो, नवी विंडो भलत्याच जागी उगवते आणि लॉगिनला टाइप केलेलं नाव तिथल्या लेबलवर रिकामं येतं. कुठे चुकतंय?

उत्तर: दुसऱ्यांदा लिहिलेल्या टीके() या ओळीत. ती दर वेळी मुख्य विंडोबरोबर टीसीएल या टीकेइंटरमागच्या भाषेचा नवा इंटरप्रिटरही (तिचा कोड चालवणारा भाग) उभा करते. टाइप केलेलं नाव धरून ठेवणारा तुमचा स्ट्रिंगव्हार पहिल्या इंटरप्रिटरच्या मालकीचा. दुसऱ्याला तो ठाऊकच नाही, म्हणून लेबल कोरं. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मीही इथेच अडकलो होतो. शेवटी वैतागून नाव चक्क फाइलमध्ये लिहायचो आणि पुढच्या विंडोत वाचून घ्यायचो. चालायचंही, पण आज तो कोड कुणाला दाखवणार नाही!

मुख्य विंडो एकच ठेवा. प्रत्येक पडद्याची एक फ्रेम (बटणं-लेबलं ठेवायचा डबा) करा, सगळ्या ग्रिडच्या (ओळी-स्तंभांच्या मांडणीच्या) एकाच घरात (रो 0, कॉलम 0) चारी बाजूंना ताणून बसवा आणि हवी ती टीकेरेजने वर आणा. पत्त्यांच्या गड्डीसारखं. जावामध्ये याच कामाच्या सोयीचं नावच कार्डलेआउट आहे, क्यूटी या विंडो बनवायच्या दुसऱ्या लायब्ररीत क्यूस्टॅक्डविजेट.

बहुतेक जण इथे थांबतात, पण एकदा टॅब दाबत राहून बघा. कर्सर मध्येच गायब होतो, कारण खाली झाकलेल्या लॉगिनच्या चौकटीही टीकेच्या हिशेबाने पडद्यावरच असतात आणि फोकस तिथे जातो. वापरणारा टाइप करतो आणि अक्षरं पासवर्डच्या चौकटीत पडतात. म्हणून मी टीकेरेज सोडून दिलं. जुनी फ्रेम ग्रिड_रिमूव्हने काढतो, नवी ग्रिड()ने लावतो. ग्रिड_फर्गेट नको, ते रो-कॉलमही विसरतं. यात विंडो प्रत्येक फ्रेमच्या मापाने लहानमोठी होते, तेव्हा जॉमेट्रीने माप सुरुवातीलाच ठरवून टाका.

आणखी एक. फ्रेम एकदाच तयार होते, त्यामुळे तिच्यातली यादीही तेव्हाचीच राहते. पडदा बदलणारं एकच फंक्शन ठेवा आणि त्यातूनच नव्या फ्रेमचं रिफ्रेश बोलवा. नाहीतर नवं पुस्तक नोंदवून यादीवर परत याल आणि ते तिथे नसेल.