‘थकलो, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?’

मी पाळकांचं, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) धर्मगुरूंचं समुपदेशन करते; त्यांच्या तोंडून हा प्रश्न सारखा ऐकू येतो. कोणी म्हणतं प्रार्थना कोरडी पडली आहे, कोणी म्हणतं उपदेश तयार होतो पण आत काही हलत नाही. आणि शेवटी, आवाज खाली आणून, ‘देवाच्या कामाचा कंटाळा येतो, हे पाप आहे का?’ पुढचा अनुभव कुणा एकाचा नाही. अनेकांचं बोलणं एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिला आहे.

हे पाळक तालुक्याच्या गावचे. मंडळी सव्वाशे कुटुंबांची, शिवाय तीन वाड्यांवर उपासना. रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेला. आठवडाभर घरोघरी प्रार्थना, आजारी माणसं, वाढदिवस, पंच कमिटीतल्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या) कुरबुरी. रात्री अकराला फोन आला तरी गाडीला किक. ते बाहेर असले की फोन पाळकीणबाई, म्हणजे त्यांची पत्नी, उचलणार, म्हणजे विसावा दोघांनाही नाही. कित्येक महिने पहाटे तीनला जाग येत होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी उपास वाढवले होते. बुधवार होताच, शुक्रवारही धरला.

ही चूक फार जण करतात. झोप मोडलेल्या माणसाने आणखी एक जेवण सोडलं की चिडचिड वाढते, चिडचिडीचा दोष मनाला लागतो, आणि दोष धुवायला पुन्हा उपास.

मी आधी सरळ विचारलं, “मरावंसं वाटतं का?”

“तसं नाही, ताई. पण सकाळ होऊच नये असं वाटतं.”

हे उत्तर आलं की नुसत्या बायबलच्या वचनावर थांबायचं नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं: रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि झोपेबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर पाळकीणबाईंनाही लिहून दिला. पाळकाने गोळी घेतली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न आलाच. दाताच्या डॉक्टरकडे जाताना मंडळीला विचारता का, एवढंच मी म्हटलं.

मग बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडला.

“एलीया संदेष्ट्यावर उपदेश केलाय ना?”

“पुष्कळदा. वारा, भूकंप, अग्नी, आणि मग ती शांत, मंद वाणी.”

“त्याच्या आधीचं वाचा. मोठ्याने.”

त्यांनी वाचलं. एलीया झुडपाखाली बसतो, मरण मागतो, आणि झोपी जातो.

“देवदूत काय सांगतो?”

“ऊठ, खा.”

“मग?”

“खातो, पितो... पुन्हा निजतो.”

“त्यावर देवदूत रागावतो?”

त्यांनी ओळीवर बोट ठेवून परत पाहिलं. “नाही. पुन्हा तेच. ऊठ, खा, वाट लांबची आहे.”

“आणि ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न केव्हा येतो?”

“होरेब डोंगरावर. चाळीस दिवसांनंतर.”

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी भाकर, पाणी आणि झोप, जाब नंतर. खचलेल्या सेवकाला पहिल्याच भेटीत पाप शोधायला लावणारी समुपदेशनाची एक पद्धत आहे. मी ती वापरत नाही, आणि माझा आधार हाच अध्याय आहे.

खरी गाठ मात्र पुढे सुटली. होरेबवर एलीया म्हणतो, मी एकटाच उरलो. मी त्यांना एक अध्याय मागे नेलं. राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं होतं, आणि १८:१३ मध्ये ते तो स्वतः एलीयाला सांगतो.

“म्हणजे एलीयाला माहीत होतं?”

“माहीत होतं. आणि सोबतचा चाकरही बैर-शेबा इथे त्यानेच मागे ठेवला होता.”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या मंडळीत तीन निवृत्त शिक्षक आहेत. आजवर एकही घरभेट मी त्यांच्यावर सोपवली नाही.”

हे मी सांगितलं असतं तर त्यांना टोमणा वाटला असता. ‘मी एकटाच’ हे बहुतेक वेळा थकव्याचं बोलणं असतं, मंडळीची खरी गणती ती नव्हे. देवाशी एकनिष्ठ राहिलेल्या सात हजारांचा आकडा देव एलीयाला सांगतो खरा, पण त्याआधी काम वाटून देतो: हजाएल आणि येहू राजे म्हणून, आणि त्याच्या जागी संदेष्टा म्हणून अलीशा.

पुढचं काम वहीतलं. सगळ्या कुटुंबांची यादी काढली आणि दोन भाग पाडले. मरण, गंभीर आजार, मोडायला आलेला संसार, आजाऱ्याला घरी प्रभुभोजन: इथे पाळक स्वतः. वाढदिवस, नवं घर, नेहमीची प्रार्थना: इथे वडीलजन, म्हणजे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ. बायबलमधल्या निर्गम १८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो त्याला हेच सांगतो. अवघड ते तुझ्याकडे, बाकी त्यांच्याकडे. माणसं कशी हवीत तेही तिथेच आहे: कर्तबगार, देवाला भिणारी, खरी, लाचेचा तिटकारा असलेली. पैसा आणि घराणं त्या यादीत नाही. आपल्या कमिट्यांनी हे वचन जरा सावकाश वाचावं!

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातली एक गोष्टही उपयोगी पडते. रोजच्या अन्नवाटपाबद्दलचं गाऱ्हाणं ग्रीकभाषी विधवांच्या बाजूने आलं, आणि त्या कामाला निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. जिथून तक्रार येते तिथलाच भरवशाचा माणूस कामावर घ्यावा. आणि निवड मंडळीने करावी, म्हणजे ‘साहेबांचा (पाळकांचा) माणूस’ असा शिक्का बसत नाही.

बिघडतं कुठे? ‘साहेब आले नाहीत, गुरुजींना पाठवलं’ असं घरच्यांना लागतं. म्हणून पहिल्या भेटीला दोघांनी जायचं आणि प्रार्थना गुरुजींनी करायची. दुसऱ्या भेटीला गुरुजी एकटे. त्यानंतर पाळकांनी आठवड्याभरात ‘सहज’ त्याच घरी डोकावायचं नाही, नाहीतर गुरुजींच्या भेटीची किंमत शून्य.

विसाव्याचा दिवस सोमवार ठरला, कारण रविवार पाळकाला कधीच मोकळा नसतो. आधी पंच कमिटीत ठराव, मगच मंडळीत घोषणा. उलट केलं की बंड होतं. त्या दिवशी फोन सेक्रेटरींकडे, पाळकीणबाईंकडे मुळीच नाही. सोमवारी कुणाची माती असली तर पाळकांनी जायचंच, आणि विसावा मंगळवारी घ्यायचा.