रात्रीची कामं घड्याळावर सोडू नका

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम) रात्री ११ ला बॅकअप, १२ ला व्याजआकारणी आणि १ ला अहवाल लावला आहे. महिनाअखेरीला व्याजआकारणी लांबते आणि अहवाल अर्धवट आकड्यांवर निघतो. अहवालाची वेळ ३ करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको. मार्चअखेरीला तेही अपुरं पडेल. क्रॉन १९७० च्या दशकात युनिक्सबरोबर आला. त्याला फक्त घड्याळ कळतं, आधीचं काम संपलं की नाही हे तो पाहतच नाही. तिन्ही कामं एकाच स्क्रिप्टमध्ये '&&' ने जोडा. आधीच्या कामाने शून्य एक्झिट कोड (संपताना प्रोग्रॅम देतो तो आकडा; शून्य म्हणजे काम नीट झालं) दिला तरच पुढचं सुरू होईल. पण व्याजाचा प्रोग्रॅम बिघाड झाल्यावर शून्याखेरीज कोड देतो का, हे आधी तपासा. बँकांच्या डे-एंडला, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करण्याच्या कामाला, मी अनेक वर्षं रात्रपाळी केली. बिघाड लॉगमध्ये लिहून खुशाल शून्य परत करणारे प्रोग्रॅम बरेच पाहिले. ठेवीदारांच्या पैशांबाबत ही बेपर्वाई मला सहन होत नाही.

एक साखळी चालू असताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून 'एफलॉक' ही कुलूप लावणारी आज्ञा वापरा. वीज जाऊन सर्व्हर बंद असेल, तर क्रॉन ते काम सोडूनच देतो. सिस्टिमडी टायमर या लिनक्समधल्या क्रॉनच्या पर्यायात 'पर्सिस्टंट' हे सेटिंग चालू केलं, तर मशीन सुरू होताच चुकलेलं काम होतं. मात्र ते काउंटर उघडा असतानाही सुरू होईल. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच वेळ तपासा. आणि बिघाडाचा एसएमएस दोघांच्या तरी फोनवर जाऊ द्या.