अंदमानला जाताय? आधी पायांचं बघा

प्रश्न : ताई, जानेवारीत आम्ही पाचजण अंदमानला चाललोय, सहा दिवसांसाठी. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील. मी, मिस्टर, दोन मुलं (7 आणि 12 वर्षांची) आणि 68 वर्षांच्या सासूबाई. सासूबाई कायम सहावारीच नेसतात आणि त्यांना मुख्य म्हणजे सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायचीये. विमानात माणशी 15 किलो सामान चालतं. मी यादी करायला बसले की ती वाढतच जाते. नक्की काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि आधी पाचही जणांची पादत्राणं बघा. मी हे सगळ्यांना पहिल्यांदा सांगते कारण अंदमानात माणसाला त्रास होतो तो पायांचाच, आणि तयारी मात्र सगळे टोपी, गॉगल, फ्लोरल शर्टांची करतात.

नीलला तो खडकाचा नैसर्गिक पूल आहे ना, तिथे फक्त ओहोटीलाच नीट जाता येतं, आणि तेव्हा तुम्ही वाळूवरून चालत नसता, मेलेल्या प्रवाळाच्या खडबडीत, शेवाळलेल्या खडकांवरून चालत असता, मधे मधे डबकी, त्यात खेकडे, समुद्री काकड्या, आणि मुलं ते बघायला वाकतात तेव्हाच घसरतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा साध्या रबरी चपलेवर गेले, अंगठ्याचा पट्टा निसटला आणि टाच प्रवाळावर आपटली. जखम बोटाच्या पेराएवढी होती पण भरायला तीन आठवडे लागले, कारण प्रवाळाचे बारीक कण आत राहतात आणि जखम चिघळत बसते. म्हणून प्रत्येकाला मागून पट्टा असलेली, तळव्याला ग्रिप असलेली, भिजली तरी चालेल अशी फ्लोटर किंवा वॉटर शूज घ्या. हेच पाण्यात उतरायला, बोटीतून गुडघाभर पाण्यात पाय टाकायला (हॅवलॉकच्या एलिफंट बीचला बोटीने गेलात तर असंच उतरावं लागतं) आणि जेलमध्येही चालतात. प्रवाळाने कापलंच तर गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवायचं, कण निघायला हवेत, मग बीटाडीन. ती ट्यूब खोलीवर नाही, हातातल्या पिशवीत ठेवा.

सासूबाईंचं वेगळं सांगते. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, आणि त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे, म्हणजे जिने चढायचेत आणि वर लांब व्हरांडा चालायचाय. सकाळी लवकर न्या, पाण्याची बाटली आणि छत्री बरोबर. छत्री उन्हासाठी म्हणतेय, तिथला मुख्य पाऊस मे पासून सुरू होतो आणि वर्षाअखेरपर्यंत रेंगाळतो, जानेवारी त्यातल्या त्यात कोरडा. जेलमध्ये सहावारी ठीक आहे. पण बोटीत चढताना आणि पाण्यात उतरताना सहावारी भिजली की जड होते आणि पायात येते, तेव्हा त्या दिवसांपुरता पंजाबी ड्रेस घालायला त्या तयार होतात का बघा. आणि नऊवारी काष्टा नेसता येत असेल तर मग प्रश्नच मिटला, पाण्यात चालायला काष्ट्यासारखं सोयीचं काही नाही, आपल्या कोळणी उगाच नेसत नाहीत.

आता कपडे. जीन्स एकही नको, तिथे हवा इतकी दमट असते की भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि तेवढं ओझं तुम्ही बेटाबेटांवर वाहत फिरता. टर्किश टॉवेल पण नको, आपला पातळ पंचा घ्या, माणशी दोन. नायलॉनची दोरी आणि आठ-दहा चिमटे नक्की घ्या, रोज संध्याकाळी खोलीत ओल्या कपड्यांचा ढीग असतो आणि टांगायला जागा नसते. ओल्यासाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी वेगळी. पोहायला सगळ्यांना फुल बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट घ्या, मुलांना तर हवेतच, कारण स्नॉर्कलिंग करताना तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात असते, पाणी गार लागतं म्हणून भाजतंय हे कळत नाही आणि रात्री पाठीला हात लावू देत नाहीत. गुडघ्यामागची खोबण आणि मान इथे सनस्क्रीन लावायचं सगळे विसरतात. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं घ्या, ऑक्सिबेन्झोन असलेलं नको, प्रवाळाला घातक मानून अमेरिकेच्या हवाई बेटांनी 2021 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. आपण बघायला जातोय ते प्रवाळच, मग त्याच्यावर विष कशाला सोडायचं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आलं की परत लावायचं.

टॉर्च घ्या. हे लोकांना पटत नाही पण तिथलं घड्याळ आपलंच आणि बेटं मात्र किती पूर्वेला, त्यामुळे जानेवारीत सव्वापाचच्या आसपास सूर्यास्त होतो आणि सहाला काळोख. हॅवलॉकच्या राधानगर बीचवरून सूर्यास्त बघून परतताना मोबाइलची बॅटरी संपलेली असते हे ठरलेलं.

बोट लागते का कोणाला? पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तास, समुद्र खवळलेला असेल तर चांगलीच लागते. गोळी कोणती आणि किती ते डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सासूबाईंना रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील आणि लहान मुलासाठी, आणि ती बोटीत बसण्याआधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. बरोबर आवळासुपारी, आलेपाक आणि रिकामपोटी न राहणं. रोजची औषधं पूर्ण सहा दिवसांची अधिक तीन दिवसांची जास्त, कारण हवेमुळे बोट रद्द झाली तर तिथेच राहावं लागतं.

बोटीत मोठ्या बॅगा वेगळ्या ठेवतात, तेव्हा ओळखपत्रं (मुलांचीही, मूळ), औषधं, पैसे, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. थोडी रोख ठेवा, एटीएम आहेत पण मोजकी आणि रेंज कधीही जाते, मग फोनवरून पैसे देता येत नाहीत. हो, आणि तिकिटावर हॅवलॉकच्या जागी स्वराज द्वीप, नीलच्या जागी शहीद द्वीप दिसेल (नावं 2018 मध्ये बदलली), पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम आहे, तेव्हा गोंधळू नका.

प्रश्न : मी पहिल्यांदाच स्कूबा करणारे. चष्मा आहे, उणे साडेतीन. स्वतःचं मास्क वगैरे विकत घेऊ का? आणि फोनसाठी 300 रुपयांचं वॉटरप्रूफ पाऊच पुरेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मास्क घेऊ नकोस, एका डाइव्हसाठी सूट, सिलिंडर, मास्क सगळं तिथे देतात. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, तेव्हा बुकिंग करतानाच विचार की नंबरचा मास्क आहे का. नसेल तर रोज फेकायच्या सॉफ्ट लेन्स ने, चार जोड तरी, आणि पाण्यातून आलास की ती जोडी काढून टाकून दे, समुद्राचं पाणी लागलेली लेन्स परत घालू नकोस. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर आधी डॉक्टरांना भेट, तिथे फॉर्मवर खोटं लिहू नकोस. सर्दी झाली असेल तर खाली कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी जायचंच नाही. शेवटच्या डाइव्हनंतर विमान निदान 18 तासांनी, 24 असतील तर उत्तम.

पाऊच चालेल, पण घरी तपास. आत फोन नाही, टिश्यू पेपर घालायचा, बंद करायचं आणि वर जड वाटी ठेवून बादलीत अर्धा तास बुडवायचं. टिश्यूचा कोपरा जरी ओला झाला तरी ते पाऊच परत कर. आणि हे स्नॉर्कलिंगपुरतं, स्कूबाच्या खोलीला असलं पाऊच दाब सहन करेलच असं नाही, तिथे कॅमेरा त्यांचाच असू दे. पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक इनमध्ये चालत नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तो घरीच ठेव.

प्रश्न : ट्रिपच्या नेमक्या तारखांना पाळी येतेय. पाण्यात उतरता येईल का, की सगळे मजा करत असताना मी काठावर बसायचं? (नाव दिलेलं नाही)

उत्तर : काठावर अजिबात बसू नकोस गं. पॅड मात्र पाण्यात फुगतं आणि काही उपयोगाचं राहत नाही. टॅम्पॉन किंवा कप चालतो, पण कप वापरायचा असेल तर आधीच्या एक-दोन पाळ्यांना घरी सवय कर, पहिला प्रयोग बोटीच्या टॉयलेटमध्ये नको. गडद रंगाची स्विमिंगची चड्डी, वर शॉर्ट्स. पॅड्स घरूनच ने आणि वापरलेले टाकायला कागद आणि पिशवी ठेव, बीचवर कचऱ्याचा डबा जवळ असेलच असं नाही. पोट फार दुखत असेल तर त्या दिवशी नको, बाकी शार्क वगैरे येतात ह्या गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस.

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आणायचेत. येताना बॅगेत जागा किती ठेवू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जागा ठेवूच नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा, आणि बरेच शंखही. विमानतळावर बॅग तपासताना सापडतं. शंख-शिंपल्यांचं काही आणायचंच असेल तर सरकारी एम्पोरियममधून पावतीसकट घ्या आणि पावती हाताशी ठेवा. मुलीला त्यापेक्षा एक वही आणि रंगीत पेन्सिली द्या, ओहोटीच्या डबक्यापाशी अर्धा तास बसून जे दिसेल ते तिने काढावं, तो प्रोजेक्ट बाईंना जास्त आवडेल. वहीला तेवढं प्लास्टिकचं कव्हर घाला, खारं पाणी कागदाला लागलं की पानं चिकटतात.